खिशात राहील अशी सुरी

धायरीहून बस सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि चार पेरू होते. पेरू खायला नव्हते. सुरी घ्यायला निघाले होते, आणि कापून बघितल्याशिवाय मी सुरी घेत नाही.

कारण आधी सांगते. आमची बरीच जमीन इमारतींखाली गेली. माझ्या नावावर एक तुकडा उरला आहे, त्याला आम्ही अजून रानच म्हणतो. पेरू, सीताफळ, एक लिंबोणी. मी तिथे रोज एकटी जाते. काढणीला, सुतळी कापायला, फळाचे काप करायला खिशात चाकू लागतो. दात नाहीत, पातळ काप केले तरच पेरू खाता येतो. परवा मात्र चाकू उघडेना. अंगठ्याच्या सांध्यात जोर राहिलेला नाही. पेरूवर चढलेला वेल तोडायचा राहिला, आणि मी दत्ताची, म्हणजे माझ्या मुलाची, वाट बघत बांधावर बसले.

तो आला आणि म्हणाला, "आई, तुला साधा चाकू उघडत न्हाय. रानात एकटी कशाला जातीस? पार्किंगला भाड्याने देऊ. माणूस विचारतोय."

मी म्हटलं, "उघडावी लागणार नाही अशी सुरी आणते. नाही मिळाली तर बोलव तुझ्या माणसाला."

"रविवारी येणार हाय तो," दत्ता म्हणाला.

म्हणून मी शनिवारी निघाले.

सिंहगड रोडला खिडकीतून बघण्यासारखं फार नाही. पूर्वी ऊस होता, आता गॅलऱ्या आहेत आणि गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. पण कालव्याकाठची झाडं अजून उभी आहेत. पर्वती दिसली की स्वारगेट आलं असं समजायचं. तिथून रिक्षाने बोहरी आळीत गेले. इथे लोखंडाचं सगळं मिळतं. दोन्ही बाजूंना कड्या, साखळ्या, पहारी टांगलेल्या, आणि मधून हातगाडीवाले "बाजू, बाजू" करत जातात. बाजूला जायला जागा नसते. तरी माणूस जातो.

सुऱ्यांच्या दुकानात माझ्याच वयाचे एक गृहस्थ पेपर वाचत होते.

"काय हवंय?" पेपर खाली न करता त्यांनी विचारलं.

"सुरी. लहान, पातळ पात्याची, न मिटणारी. रोज अंगावर बाळगायची आहे."

पेपर खाली आला. "कुणाला मारायचंय?"

"अजून ठरवलं नाही. आधी सुरी तर दाखवा."

त्यांनी फळं कापायची प्लास्टिकच्या मुठीची सुरी काढली. मी पिशवीतून पेरू काढला.

"अहो आजी, हे दुकान आहे, फळांची गाडी नाही."

"पेरू माझा आहे. तुम्हाला फक्त खायचा आहे."

पातं पातळ होतं, पण पत्र्यासारखं. बियांशी पोचलं की वाकायचं, आणि काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. त्यांनी काप खाल्ला. "पेरू चांगला आहे," म्हणाले.

"सुरी वाईट आहे," मी म्हटलं.

दुसरी जाड होती. तिने पेरू कापला नाही, कुऱ्हाडीने लाकूड फुटावं तसा फोडला. तिसरीचं पातं झकास होतं, पण मूठ पेन्सिलीएवढी. आता हे नीट ऐका, तुमचेही हात कधीतरी दुखणार आहेत. पातं पातळ हवं, मूठ नाही. बारीक मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात, आणि आवळणंच तर मला जमत नाही. माझ्या वयाची माणसं लहान सुरी हवी म्हणून सगळंच लहान घेतात, मग ती सुरी डब्यात पडून राहते.

चौथी पोलादी होती. मधल्या बोटाएवढं पातं, शेवटपर्यंत पातळ, आणि मूठ बाभळीची, पोटाशी फुगीर. दाबलं तर लवली, सोडलं तर सरळ झाली. पेरूचा काप एवढा पातळ निघाला की त्यातून समोरचा पिवळा बल्ब दिसला.

"गंजेल हं ही. रोज पुसावी लागेल," ते म्हणाले.

"पदर आहे की. आणि पायरीवर घासली तर धार तरी लागेल. तुमच्या त्या चकचकीत स्टीलच्या सुऱ्यांना कोण धार लावत बसणार?"

म्यान पुठ्ठ्याचं होतं. माझ्या परकराला कमरेशी खिसा आहे. सुरी म्यानासकट त्यात घातली आणि दुकानातच वाकले. म्यान खिशात राहिलं, सुरी फरशीवर. रानात वाकायचं नसेल तर मग जायचं कशाला?

"आता?" त्यांनी विचारलं.

"सुरी तुमची घेते. म्यानाचं मी बघते."

कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या माणसाला मी काय झालं ते दाखवलं. जुन्या बॅगेच्या चामड्याचं म्यान त्याने तिथल्या तिथे शिवलं, मुठीच्या पोटापर्यंत उंच, म्हणजे फुगीर भाग आत घट्ट बसेल. शिवून झाल्यावर मी फुटपाथवर परीक्षा घेतली. कमरेतून पार खाली वाकले आणि तशीच राहिले.

"अरे, आजी पडल्या!" कुणीतरी ओरडलं. पाठीवर बॅग लावलेला एक मुलगा धावत आला. "आजी, ओके आहात का? ॲम्ब्युलन्स बोलवू?"

"सुरी पडते का बघतेय," मी वाकूनच म्हटलं.

तो दोन पावलं मागे गेला. सुरी पडली नाही.

मंडईजवळ दह्याबरोबर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दाणे भरड होते, ते बाजूला काढले. बाकी मऊ, गरम, चांगली. पोट भरल्यावर जमिनीखालची मेट्रो बघायची हौस आली. स्वारगेटपर्यंत एकच स्टेशन तर जायचं होतं. सरकत्या जिन्याने खाली गेले तर आत धान्याच्या कणगीसारखा गारवा. पण तपासणीच्या यंत्राने पिशवीतली सुरी पकडली. मी खिशातली पिशवीत टाकली होती, उगाच अंगाची झडती नको म्हणून.

तपासणीला एक मुलगी होती, बोलण्यावरून वर्ध्याकडची. "आजी, हे आत नेता येत नाही जी. द्या इकडे," म्हणत तिने हात पुढे केला.

मी सुरी टेबलावर ठेवली. "हातात देत नाही. तुझं माझं भांडण होईल."

ती हसली. "आमच्या तिकडंबी हातात देत नाहीत वो." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "इथं सोडून जा, नाहीतर वरून बस घ्या. माझ्या हातात काही नाही."

"सोडते कुठली! उद्या माणूस यायचाय."

कोण माणूस ते तिने विचारलं नाही. सुरी उचलून माझ्या हातात दिली नाही, टेबलावरच माझ्याकडे सरकवली. शिकवलेलं विसरली नव्हती. मेट्रो न बघता मी वर आले.

घरी पोचले तेव्हा दत्ता सोफ्यावर होता. मी उरलेला पेरू काढला, एका हाताने सुरी उपसली आणि उभ्या उभ्या त्याच्यापुढे काप केले. त्याने एक काप उजेडाकडे धरून बघितला.

"बघू सुरी," म्हणाला.

मी ती मुठीकडून थेट त्याच्या हातात द्यायला पुढे केली. जन्मात पहिल्यांदा.

त्याने हात मागे घेतला. "खाली ठेव ना, आई."

"का? भांडण नको?"

"नको."

"मग त्या पार्किंगवाल्याला फोन लाव."

तो हसला, आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. "उद्या येऊ नका. न्हाय, नंतर पण न्हाय. आईचं रान हाय ते," एवढं ऐकू आलं. तेव्हा मी सुरी टीपॉयवर ठेवली.

धायरी ते बोहरी आळी म्हणजे काही मोठा प्रवास नव्हे. पण माझ्या वयात लोक तुम्हाला कुठे जायचं ते विचारत नाहीत, कुठे जायचं नाही ते सांगतात. तेव्हा तुम्हाला जी वस्तू लागते ती स्वतः जाऊन, हातात धरून घ्या. आणि घेताना वाकून बघा.

रविवारी मी रानात गेले. राहिलेला वेल तोडला.