वारवाली

आमच्या इमारतीत तिला सगळे ‘वारवाली’ म्हणत. ते नाव मीच पाडलं होतं. बाळंतपणानंतर पडलेली वार कधी कधी तपासणीसाठी इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत जाते. तिचे पातळ काप काढून काचेवर ठेवायचे आणि भिंगाखाली बघायचे, हे तिचं काम. सव्वीस वर्षं तेच. घरी आली की बोटांना लिंबू चोळायची, तरी औषधाचा वास जायचा नाही.

खालच्या मजल्यावर ती एकटी राहायची. रविवारी पाव भाजला की अर्धा मला आणून द्यायची, काप अगदी एकसारखे. “हाताला सवय आहे हो, काकू,” असं म्हणून स्वतःच हसायची. तो पाव मी टाकून देत असे. मी रोज डायरी लिहिते, तीत तशा नोंदी आहेत, तारखेसकट. एकदा कचऱ्याच्या डब्यात तिने तो पाहिला. पुढच्या रविवारी पुन्हा घेऊन आली.

माझी लेक गरोदरपणात माझ्याकडे राहायला आली. सातव्या महिन्यात रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल चारशेच्या वर. जिन्यात वारवाली भेटली, तिला लेकीने कागद दाखवला.

“या दिवसांत सगळ्यांचंच वाढतं, पण इतकं नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरांना आजच दाखव. वारेतल्या रक्तवाहिन्या बाळाला पोसतात, त्याच खराब झाल्या तर बाळाचं अडतं. घरात कुणाला आहे का?”

“आई, आहे का गं?”

“कुणालाही नाही,” मी म्हणाले. “आणि तू बाई तळघरातलं तळघरात ठेव. जित्या पोरीला कशाला घाबरवतेस?”

“बरं, काकू,” म्हणून ती खाली गेली.

मी धडधडीत खोटं बोलले होते. अकरा वर्षांपूर्वीच्या डायरीत माझ्याच अक्षरात आहे: ‘कोलेस्टेरॉल ३४०. डॉक्टर म्हणाले, हे आईवडिलांकडून येतं, मुलीचंही तपासा. तिचं लग्न ठरत आहे. सांगितलं नाही.’ शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ आहे. महत्त्वाचं अधोरेखित करावं, असं कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं.

लेक माझ्या शब्दावर विसंबली, लगेच डॉक्टरांकडे गेली नाही. पुढची ठरलेली तारीख तीन आठवड्यांनी होती. ती उजाडायच्या आतच तिचा रक्तदाब चढला आणि बाळ घाईने काढावं लागलं. सव्वा किलो. काचेच्या पेटीत ठेवलं.

वार तळघरात गेली. चौथ्या दिवशी मीही गेले. वारवालीने स्टूल पुढे केलं.

“माझ्यामुळे झालं का गं हे?”

“एका वारेवरून तसं सांगता येत नाही, काकू. नुसत्या रक्तदाबानेही होतं. वाहिन्यांच्या भिंतींत चरबीने फुगलेल्या पेशी दिसतात, काही वाहिन्या बंद पडल्यात. आधी दाखवलं असतं तर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं असतं, एवढं मात्र खरं.” मग जिन्यातल्याच आवाजात तिने विचारलं, “घरात खरंच कुणाला नाही?”

मी पिशवीतून डायरी काढली. तिने वाचली आणि मिटून परत दिली.

“मला कशाला दाखवता? वर न्या. उद्या बाळाचंही तपासावं लागेल. आईलाच माहीत नसेल तर तपासणार कोण?”

लेक पेटीच्या भोकातून हात घालून बाळाचं पाऊल धरून बसली होती. मी डायरी उघडून तिच्या मांडीवर ठेवली. तिने ते पान दोनदा वाचलं.

“बाबांना माहीत होतं?”

“नाही.”

“आणि त्या दिवशी जिन्यात? तेव्हा तुला आठवत होतं?”

“हो.”

ती पुन्हा बाळाकडे वळली. “तळघरातल्या त्या बाईंना वर बोलाव. काय विचारायचं ते मी त्यांनाच विचारते.”

मी परत पायऱ्या उतरले. ती पाठमोरी, भिंगावर वाकलेली होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या डायऱ्यांत ते मी एकदाही लिहिलेलं नाही.