दुसरं तिकीट

एसटी स्टँडबाहेर एक बाई टेबल मांडून लॉटरीची तिकिटं विकतात. काल गाडीला वेळ होता म्हणून एक घेतलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं, यातला पैसा दवाखान्यांना आणि शाळांना जातो. बरं वाटलं. नंबर लागला नाही तरी पुण्य पदरात! त्याच भरात म्हणालो, "मावशी, अजून एक द्या."

"नाही. एका माणसाला दिवसाला एकच."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण माझ्यामागच्या म्हाताऱ्या गृहस्थांनाही त्यांनी हात जोडले. "काका, सकाळी नेलंत ना? आता घरी जा." काका मुकाट्याने निघाले. मी चाटच पडलो. आलेलं गिऱ्हाईक असं हाताने परत पाठवणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता.

"सरकारचा नियम आहे का हा?"

"माझा आहे." त्या तिकिटं सारखी करत राहिल्या. "आमचे हे आधी एकच घ्यायचे. मग पाच, मग अख्खं पुडकं. विकणारा कधी नाही म्हणाला नाही. दवाखाने झाले असतील त्यातून, चांगलंच आहे. आमची भांडीसुद्धा गेली."

मी हातातलं तिकीट पुन्हा उलटून पाहिलं. पैसा कुठे जातो ते छापलं होतं. कुणाच्या घरातून येतो, ते कुठेच नव्हतं.

"कुठे घ्यायचे ते?" मी विचारलं.

"इथेच. तुम्ही उभे आहात ना, तिथे."

माझे पाय आपोआप मागे सरकले.