याकोबआप्पांची कूस बदलताना

आपण करतो ती सेवा देवाला पोचते की नाही, हा संशय माझ्या मनात कित्येक वर्षे होता, आणि तो मी कोणालाच सांगितला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागला नसता. मी निपाणीतल्या एका हायस्कुलात क्लार्क आहे. वय त्रेपन्न. आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी म्हणून बारा वर्षे काम केले. रविवारच्या उपासनेत इतरांसाठी करायची प्रार्थना माझ्याकडे असे, आणि तिचा शेवट मी नेहमी एकाच विनंतीने करी: प्रभू, मला तुझ्या सेवेसाठी वापर. लोक आमेन म्हणत. माझा आवाज चांगला आहे, आणि तो चांगला आहे हे मला ठाऊक होते. घरी येऊन जेवायला बसलो की मात्र आतून कोरडे वाटे. वर्षानुवर्षे एकाच दारावर थाप मारावी आणि आत माणूस असूनही त्याने कडी काढू नये, तसे.

गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना आमच्या मंडळीतले याकोबआप्पा अर्धांगाने आडवे झाले. ते जन्मभर गवंडी होते. चर्चच्या कंपाउंडची भिंत त्यांच्याच हातची. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बेळगावच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी त्यांना घरी आणले. घरात एकटी मुलगी, रूथ. नवरा गेल्यापासून ती बापाजवळच राहते आणि घरी बसून विड्या वळते. आम्ही कमिटीतले लोक एकदा जाऊन, दारातच उभे राहून प्रार्थना करून आलो होतो. मी सगळ्यांच्या मागे होतो.

त्यानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर मी बाहेर लोकांशी हात मिळवत उभा होतो. रूथ समोर आली. तिने हात पुढे केला नाही.

"सेक्रेटरीसाहेब, दर रविवारी माईकवर म्हणतासा, प्रभू मला वापर. मग आमच्या घरला या की. आप्पाला कूस बदलायला एक माणूस पायजे. माझ्या एकटीनं उचलत न्हाय."

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. मीही हसलो, "येतो की" म्हणालो आणि विषय बदलला. रूथ हसली नाही. "किती वाजता येतासा?" एवढेच तिने विचारले. सगळ्यांच्या देखत मला वेळ सांगावी लागली.

मला त्या घरात जायची भीती का वाटत होती, ते आता लिहितो. हे लिहायला मला फार उशीर झाला आहे.

नऊ वर्षांपूर्वी याकोबआप्पांनी बोरगावच्या पलीकडच्या एका खेड्यात, देवीच्या जत्रेत पालखीपुढे हलगी वाजवली. लहानपणी ते ती वाजवायला शिकले होते, आणि त्यांच्यासारखा हात आमच्या भागात कोणाचा नव्हता. आमच्या बहुतेक घरांचा तो पिढीजात व्यवसाय. माझे आजोबाही हलगी वाजवीत. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ती सोडली, आणि पुढे आमच्या घरात तिचे नावही कोणी काढीत नसे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये एक शिक्षक सहज म्हणाले, "तुमच्या चर्चचा म्हातारा काल काय वाजवत होता हो, पाय थांबेनात आमचे." त्यांनी कौतुकच केले होते. माझा मात्र चेहरा उतरला. आपण कोण होतो हे चारचौघांत कोणी उघडे करावे, तसे मला झाले. त्याच आठवड्यात मी कमिटी बोलावली.

याकोबआप्पा डोक्यावरची टोपी हातात घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. मी विचारले, "मूर्तीपुढे वाजवलंत की नाही?" ते म्हणाले, "व्हय, वाजवली. पर त्याचं असं हाय..." मी म्हणालो, "पर नको आप्पा. हो किंवा नाही, एवढंच विचारलंय." ठराव माझ्याच अक्षरात आहे. याकोबआप्पांनी भर उपासनेत, स्वमुखाने चूक कबूल करीपर्यंत त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. 'स्वमुखाने' हा शब्द मी मुद्दाम घातला होता.

ते मंडळी सोडून जातील असे मला वाटले होते. ते गेले नाहीत. दर रविवारी येत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा पेला पुढे आला की उठून बाहेर नळापाशी जाऊन बसत, आणि आशीर्वादाच्या वेळी परत आत येत. नऊ वर्षे मी त्यांची पाठ दारातून बाहेर जाताना पाहिली. मला मी शिस्त राखणारा वाटत होतो.

त्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या आधी, सकाळी. खोलीत तंबाखूचा आणि औषधाचा वास. रूथने पांघरूण काढले. माकडहाडावर रुपयाएवढी जागा सोलवटून लाल झाली होती. दवाखान्यातल्या नर्सबाईने तिला बजावले होते की दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर ही जखम हाडापर्यंत जाईल आणि माणूस तिनेच जाईल. मी खांद्याखाली हात घातला. त्याच वेळी त्यांना कपड्यातच झाले. मी नाक मुरडून तोंड फिरवले.

"नाक मुरडलं तरी चालंल," रूथ म्हणाली, "हात मातूर सोडू नका."

याकोबआप्पा माझ्याकडे पाहत होते. त्या डोळ्यांत राग होता असे मी म्हणू शकत नाही. पण ते पाहत होते, आणि मला दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

मी रोज जाऊ लागलो. सकाळी, दुपारच्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. मधल्या वेळी रूथ शेजारणीला हाक मारी. गुडघ्यांच्या मध्ये उशी कशी ठेवायची, टाच अंथरुणाला टेकू द्यायची नाही, मान उचलताना तळहात कुठे धरायचा म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही, हे सगळे रूथने मला शिकवले. शिकवताना तिने एकदाही गोड बोलून दाखवले नाही. "तुमची प्रार्थना लांब अन् हात आखूड," असे एकदा म्हणाली. माझ्या बायकोला हे सांगितले तेव्हा ती तोंडावर पदर धरून हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर आप्पांसाठी नाचणीची आंबील देऊ लागली. घाण धुताना मला प्रार्थना सुचत नसे. खरे सांगायचे तर त्या दिवसांत मी फारशी प्रार्थनाच केली नाही. पण जेवताना जाणवणारा तो कोरडेपणा कधी नाहीसा झाला, हे माझ्या लक्षातही आले नाही.

जखम आटोक्यात राहिली, पण आप्पा खंगत चालले. नाताळच्या आधी डॉक्टर रूथला बाजूला घेऊन म्हणाले, महिना-दोन महिने. ते मला सांगून ती विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "आप्पाला एकदा प्रभुभोजन मिळालं असतं तर बरं झालं असतं. मरायच्या आत."

मी कमिटीपुढे विषय मांडला. सगळ्यात वयस्कर पंचांनी जुनी वही मागवली, चष्मा लावला आणि ठराव मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "स्वमुखाने, असं लिहिलंय. तूच लिहिलंयस. आता त्याला बोलता येत नाही, त्याला आम्ही काय करणार? एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील." ते कठोर माणूस नाहीत. मी नऊ वर्षांपूर्वी जे शिकवले तेच ते मला परत सांगत होते. बाहेर आल्यावर मी स्वतःशी म्हणालो की मी माझ्याकडून प्रयत्न केला. मी सुटायला बघत होतो, हे आज कळते. त्या संध्याकाळी मी आप्पांकडे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही टाळले. दुपारी मात्र पाय नेहमीच्या वाटेने गेलेच.

दारात एक अनोळखी म्हातारा बसला होता. धोतर, लाल फेटा, शेजारी काठी. तो बोरगावकडच्या एसटीने आला होता. त्याला आप्पांच्या आजाराची बातमी तीन महिन्यांनी, बाजारात कोणाकडून तरी कळली होती. नाव मारुती, आप्पांचा जुना स्नेही. मी आप्पांना कुशीवर घेतले तेव्हा त्याने न सांगता दुसऱ्या बाजूने हात लावला.

"लई उपकार हायत ह्याचे," तो म्हणाला. "आमच्या गावात पालखीपुढं पयली हलगी आमच्या घरची. मानाची. एक साल चुकली की मान भावकीत दुसरीकडं जातोय, परत येत न्हाय. त्या वर्षी जत्रंच्या तोंडावर माझा पाय मोडला. पोरगं सैन्यात, लांब. ह्याला निरोप धाडला, तर आलता. माझ्या दारातनं वाजवत निघाला. देवळाची पायरी मातूर चढला न्हाय. म्हणाला, मारत्या, तुझ्या घरासाठी वाजवतो, माझा देव येगळा हाय. प्रसाद न्हाय, नारळ न्हाय, आमचं पाणी पिऊन गेला."

मी टॉवेल हातात घेऊन तसाच उभा होतो. 'पर त्याचं असं हाय' याच्या पुढचे वाक्य मी नऊ वर्षांनी ऐकत होतो. मी मारुतीला ठरावाचे सांगितले. त्याला काहीच ठाऊक नव्हते.

"दर साली भेटतोय मला, कधी बोलला न्हाय," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "म्हंजे आमच्या पायी तुमच्या देवानं ह्याला भाईर काढलं व्हय?"

"देवानं नाही," मी म्हणालो. "मी."

रूथच्या हातातली विडी अर्धी वळायची राहिली. आप्पांचा चेहरा भिंतीकडे होता.

तो माणूस त्याच दिवशी का आला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बस आणि बाजार यांनी त्याचे उत्तर देता येईल. मी ते नाकारत नाही. मला एवढेच माहीत आहे की आदल्या दिवशी मी सुटलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी मला सुटू दिले गेले नाही.

जानेवारीचा पहिला रविवार. मेजावर भाकर आणि द्राक्षरस मांडलेला होता. मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची परवानगी घेऊन उभा राहिलो. माईक बाजूला सारला. मी सांगितले की नऊ वर्षांपूर्वी कमिटीत मी एका माणसाचे वाक्य मध्येच तोडले, आणि मग त्याच्याच तोंडून कबुली मागितली. मी सांगितले की मला मूर्तिपूजेचा राग आला नव्हता. मला माझ्या आजोबांच्या हलगीची लाज वाटली होती. मारुतीने सांगितलेले सगळे सांगितले. शेवटी म्हणालो, ठरावाला तोंड हवे असेल तर माझे घ्या, कारण चूक माझी आहे. माझा आवाज फाटला होता. आमेन कोणी म्हटले नाही. मग ते वयस्कर पंच उठले आणि पाळकसाहेबांना म्हणाले, "उपासना झाली की याकोबाच्या घरी जाऊ. मीही येतो." भाकर फिरली तेव्हा मी घेतली नाही. त्या दिवशी माझा हात पुढे झाला नाही.

दुपारी खोलीत मावतील तेवढे लोक आले, बाकीचे अंगणात उभे राहिले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. त्यांनी भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवला, म्हणजे गिळायला सोपा जाईल. आप्पांची मान उचलायला मला बोलावले, कारण तळहात कुठे धरायचा हे मला ठाऊक होते. पाळकसाहेबांनी एका हातात ताट धरून कण ओठांशी नेला. आप्पांनी ओठ उघडले नाहीत. पुन्हा नेला. त्यांनी मान बाजूला केली, अगदी थोडी. मला वाटले, इतक्या उशिराने दिलेले ते घेणार नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. आप्पांचे डोळे माझ्यावर होते. त्यांनी डावा हात कष्टाने उचलला आणि पाळकसाहेबांच्या हातातले ताट माझ्याकडे लोटले.

रूथ बापाची नजर वाचू शकत होती. ती म्हणाली, "तुमच्यासाठी थांबलाय त्यो. आज तुम्ही घेतली न्हाय, मी सांगितलं त्याला. तुम्ही आधी घ्या."

मी घेतली. एका हाताने त्यांची मान धरून, दुसऱ्या हाताने घेतली. मग त्यांनी तोंड उघडले.

आप्पा त्यानंतर पाच आठवडे जगले. जखम भरत आली होती. सेक्रेटरीचे काम मी दुसऱ्याकडे दिले, आणि आता ज्या घरात कोणी अंथरुणावर आहे तिथे बोलावले तर जातो. दोन ठिकाणी जातो; त्यातले एक घर आमच्या मंडळीचे नाही. मी जे हात देवाला देतो आहे असे समजत होतो, ते त्याने माईकपाशी नव्हे, तर ज्याला मी बाहेर घालवले त्याच्या लुळ्या देहापाशी नेऊन कामाला लावले. देवाने कुठे न्यावे हे आपण ठरवायचे सोडले की तो नेतो, एवढेच मला कळले आहे, आणि ते कळायला एका भल्या माणसाची नऊ वर्षे गेली. त्याची क्षमा मागायला मला शब्द सापडत नाहीत, आणि त्याने तर शब्दांवाचूनच ती दिली. त्याबद्दल मी प्रभूचे उपकार मानतो. उद्या सकाळी साडेसातला पहिल्या घरी जायचे आहे.