दयानंदला कोण खेळलंय?

मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजांमागच्या मोकळ्या मैदानावर दर शुक्रवारी सकाळी टेनिस बॉलचा सामना व्हायचा, आणि सामना संपला की कडक चहाबरोबर भांडण. भांडण एकच. मस्कतात आजवर आलेल्या कोकणी पोरांत सगळ्यात मोठा बॉलर कोण? जुने म्हणत बाळकृष्ण, नवे म्हणत धनेश. नियम मात्र कोर्टाच्या वरताण. ज्याला स्वतः बॅट घेऊन खेळलास, त्याचंच नाव घ्यायचं. ऐकीव गोष्टी गावी जाऊन सांगा. स्वतःचं नाव तर कुणी घ्यायचंच नाही.

या नियमात मेला तो गुहागरचा दयानंद. एसी दुरुस्त करणारा सरळमार्गी माणूस. तरुणपणी तोही बॉलर होता, चांगला होता. मग खांदा निखळला आणि त्याचा अंपायर झाला. त्याचे आणि बाळकृष्णचे बॉल खेळलेले जुने एकेक करून व्हिसा कॅन्सल करून गावी गेले. उरला एकटा दाभोळचा नूरुद्दीन, मत्रहच्या बाजारात कापडाच्या दुकानात काम करणारा. आणि हा बाबा दर शुक्रवारी बाळकृष्णचं नाव घ्यायचा! दयानंद हसून चहा प्यायचा, पण त्याला लागायचं, फार लागायचं.

२०१६च्या हिवाळ्यात नूरुद्दीनही कायमचा निघाला. शेवटच्या शुक्रवारी दयानंद इस्त्रीचा शर्ट घालून आला. आज तरी हा आपलं नाव घेईल, एवढीच आशा.

"बाळकृष्ण," नूरुद्दीन म्हणाला. "खलास."

दयानंदचं तोंड उतरलं. ते दिसू नये म्हणून तो स्टंप म्हणून ठेवलेला ऑइलचा डबा उचलायला गेला.

"डबा राहू दे, दया! मी खोटं बोलणार नाय. बाळकृष्ण तुझ्यापेक्षा भारीच होता. पण मी गेल्यावर तुझं नाव घ्यायला इथं कोण आहे? बॉल घे. हमझा, तू बॅट घे."

"नूरभाय, माझा खांदा..."

"यल्ला, टाक बॉल!"

हमझा नव्या पोरांत सगळ्यात तोंडाळ, धनेशचा भक्त. पहिला बॉल त्याने गॅरेजच्या पत्र्यावर भिरकावला. पोरं खिदळली. दयानंदने खांदा चोळला, परत तसाच धावत आला, हातही तसाच फिरवला. बॉल मात्र उशिरा आला. हमझाची बॅट फिरून गेली, आणि मग सावकाश डबा वाजला. नूरुद्दीन टॅक्सी बघायला गेला.

पुढच्या शुक्रवारी भांडण सुरू झालं. कुणीतरी सवयीने बाळकृष्ण म्हणालं.

"त्याला इथं कोण खेळलंय?" हमझाने विचारलं. कुणीच नाही. "मग खलास. मी धनेशला खेळलोय आणि दयाचाचांना खेळलोय. धनेशला माझा डबा कधी वाजवता आला नाही. दयाचाचा!"

दयानंदने चहाचा ग्लास खाली ठेवला. "अरे, पण बाळकृष्ण माझ्यापेक्षा..."

"तुम्ही खेळलात त्याला?"

"नाही. आम्ही एकाच टीममध्ये होतो."

"मग गप्प बसा, चाचा."

दयानंदने ग्लास परत उचलला. इतक्या वर्षांनी त्याला हवं ते मिळालं होतं, आणि बाळकृष्णसाठी त्याचा जीव तुटत होता.