सासूबाई आणि मागचं उजवं चाक

माझ्या सासूबाईंसमोर आजवर कुठलीही वस्तू फार काळ बिघडलेली राहू शकलेली नाही. अपवाद फक्त माझा. सगळी नोकरी टेलिफोनच्या तक्रार-विभागात झाल्यामुळे बिघाड म्हटलं की त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. "बिघाड कुठंय ते आधी, दुकान नंतर," हे त्यांचं ब्रीद. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा मी नवा मागवून मोकळा झालो होतो. त्यांनी जुना उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं, त्यातच शेंगदाण्याची चटणी वाटली आणि पहिल्यांदा मला वाढली. त्या चटणीला तिखट घालायची गरज नव्हती.

आमची गाडी मुळात त्यांची. विश्रांतवाडीहून मंडईपर्यंत, भर गर्दीत, एका हातानं रिक्षावाल्यांना गप्प करत त्यांनी ती वर्षानुवर्षं चालवली. लांबचं दिसेनासं झालं तेव्हा कोणी सांगण्याआधी स्वतःच किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून त्या शेजारी बसून माझं ड्रायव्हिंग बघतात, म्हणजे सोसतात. तर या गाडीचा एबीएसचा पिवळा दिवा लागू लागला. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग ब्रेकच्या यंत्रणेला कळवतो. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, म्हणजे गाडीतलं काही कळत नसूनही सगळं कळतं अशी ठाम समजूत असलेला माणूस. मोबाईलला जोडायचं एक यंत्र आणलं. 'मागचं उजवं चाक' असं निदान निघालं. व्हिडिओ बघून, पार्किंगमध्ये आडवा पडून मी सेन्सर बदलला. त्यात एक शर्ट, एक कोपर आणि अख्खा रविवार गेला; दिवा तसाच. मग जेवताना मी जाहीर केलं, "गाडी म्हातारी झालीय. शनिवारी देऊन टाकतो, नवी घेऊ." सासूबाईंचा भात कालवणारा हात थांबला.

"चौकशीआधीच निकाल लागला का?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या गाडीत येऊन बसल्या. मला गाडी कात्रजच्या रस्त्याला घ्यायला लावली आणि मोबाईल नाकाशी धरून चारही चाकांच्या वेगाचे आकडे मोठ्यानं वाचू लागल्या. "तिघं विसानं चाललेत. मागचं उजवं शून्य."

"अहो आई, पण तोच तर बदललाय मी."

"कुठं उभं राहून?"

मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि गाडीच्या समोर, तिच्याकडे तोंड करून ऐटीत उजवा हात वर केला. त्या काच खाली करून म्हणाल्या, "गाडीचं उजवं गाडीत बसून धरतात, जावईबापू."

थोडक्यात, मी डाव्या चाकाचा धडधाकट सेन्सर उपटून तिथं नवा बसवला होता. घरी येऊन तोच काढलेला सेन्सर उजवीकडे लावला. दोन्हीकडे एकच चालतो. मी खाली आडवा आणि त्या शेजारी स्टूल टाकून बसलेल्या, अधूनमधून "उजवीकडे" म्हणत. पुन्हा फेरी मारली. दिवा लागला नाही.

आता ऐकून घ्यायचं, म्हणून मी मान खाली घातली. पण त्या हळूच म्हणाल्या, "विकू नका असं मी म्हणणार नव्हते. गाडी तुमची आहे. खोट्या आरोपाखाली जायला नको होती, इतकंच."

मला फार लाज वाटली. "विकत नाही, आई," मी म्हणालो. पुढं रस्ता मोकळा होता. गाडी थांबवून विचारलं, "चालवता का थोडी?"

त्यांनी समोर पाहिलं, बराच वेळ. "नको. ते झाड आहे की माणूस, हेच कळत नाहीये मला."

मी पुन्हा गाडी काढली. मी इतकी वाईट चालवतोय आणि त्या एक अक्षर बोलत नाहीत, हे मला सहन होईना. शेवटी मी मुद्दाम चुकीचा गिअर टाकला. गाडीनं आचका दिला.

"क्लच," त्या म्हणाल्या, आणि मला फार बरं वाटलं.