आधी नट

तांब्याची नळी वेटोळं करून येते. ती उलगडायची एक रीत आहे. एकानं टोक जमिनीवर पायाखाली दाबायचं आणि दुसऱ्यानं वेटोळं पुढं लोटत न्यायचं, चटई अंथरतात तसं. ओढली तर मुरडते, आणि मुरडलेली नळी मग कामाची राहत नाही. आमच्या अंगणात टोक दाबायचं काम माझं होतं. मालक एसी बसवायचे. वारंगा फाट्यावर त्यांचं छोटं दुकान होतं. मला परक्या माणसाशी बोलता येत नाही, म्हणून दुकानात मी कधी बसले नाही. नळीवर काळा फोम चढवणं, त्यावर पांढरी पट्टी गुंडाळणं, एवढं घरी करायची.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला नळीचं तोंड कसं उघडतात ते दाखवलं होतं. नळी कापायची, आतली कड घासायची. घासताना तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस आत जात नाही. मग शिकंज्यात धरून तोंड रुंद करायचं. ते तोंड मशीनला टेकतं आणि पितळी नट त्याला आवळून धरतो. पण नट आधीच नळीत ओवावा लागतो. तोंड रुंद झाल्यावर तो चढत नाही. विसरलं तर तेवढी नळी कापून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

"बांगडीसारखं हाय," ते म्हणाले होते. "हात सुजल्यावर बांगडी चढती का?"



गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला, बोलणं गेलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा त्यांना मला हाक मारता येत नव्हती. मग हळूहळू हात परत आला, बोलणंही आलं. दुकान बंदच होतं. रोज सकाळी ते मूठ वळून दाखवायचे आणि म्हणायचे, "ऊन तापलं की शटर उघडतो." मी व्हय म्हणायची. पण चहा पिऊन कप खाली ठेवला की तेच विचारायचे, चहा झाला का?

उन्हाळ्यात कुरुंद्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. त्यांची धाकटी बहीण. "दादा, एसी आणलाय. दुकानवाला त्याचा माणूस धाडतो म्हणला, म्या न्हाई म्हणलं. माझ्या घराला तुझाच हात लागल."

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "हे काम बराबर झालं की दुसऱ्या दिवशी शटर वर." आदल्या दिवशी त्यांनी सगळी अवजारं पुसून पिशवीत भरली. मला बरोबर यायला सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं.

कुरुंद्याला पोचलो तेव्हा भिंतीला भोक पाडून ठेवलेलं होतं. आतलं मशीन त्यांनी आणि नणंदेच्या मालकांनी मिळून टांगलं, मग तिचे मालक शेतात गेले. नळ्या दोन असतात, एक जाड आणि एक बारीक; दोन्हींचे आतले जोड आमच्या मालकांनी केले. मी बघत होते. दोन्ही बराबर झाले. बाहेर जाड नळीचा जोडही झाला. मला वाटलं, आता झालंच.

मग बारीक नळी. त्यांनी सुरेख तोंड उघडलं. नणंदेनं ओट्यावरचा नट उचलला.

"दादा, हे काय राहिलं?"

ते हसले. "ऊन लई हाय." नळी कापली, पुन्हा तोंड उघडलं. नट त्यांच्याच खिशात होता.

"काय करून राहिलास दादा! आमच्या सासूचा चष्मा आसाच आसतो, कपाळावर, आन् हुडकती घरभर."

ते हसले, पण थोडंच. त्यांनी नळी परत कापली. या वेळी मी नट उचलून हात पुढं केला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "मला म्हाईत हाय." घेतला आणि बाजूला ओट्यावर ठेवला, आणि तोंड उघडायला लागले.

कोणी हसलं नाही. तेही थांबले. त्यांनी ओट्यावरच्या नटाकडं बघितलं.

आता ते तोंड कापलं तर नळी मशीनपर्यंत पोचणार नव्हती.

"मधी जोड दे की," नणंद हळूच म्हणाली.

"मी जोड देत न्हाई. जोडातून गॅस जातो."

"मंग डबडंच अलीकडं घेऊ."

जाड नळी सोडली. नणंदेनं आणि मी बाहेरचं मशीन स्टँडसकट भोकाच्या बाजूला सरकवलं. त्यांनी हात लावला नाही. सरकवून झाल्यावर शिकंजा माझ्यापुढं धरला.

"तू कर."

मी आधी नट ओवला. मग कापलं, तोंड खाली धरून घासलं, रुंद केलं. अंगणात मी धरायची तशी ते नळी धरून उभे होते. जाड नळीही पुन्हा जोडली. पुढचं पंपाचं आणि गॅसचं काम त्यांनीच केलं. गॅस गळतो का बघायला जोडांना साबणाचा फेस लावला, एकही बुडबुडा आला नाही. आत गार हवा सुटली.

"वैनी, तुमी तर मिस्त्री निघालात! दुकानात आता तुमीच बसा."

"व्हय," ते म्हणाले. "हात साफ हाय तिचा."

टोमणा नव्हता. मनापासून म्हणाले. ते रागावले असते तर मला सोसलं असतं.

परतताना फाट्यावर उतरलो. दुकानावरून चालत गेलो. त्यांनी शटरकडं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

चार दिवसांनी दुपारी त्यांचा फोन वाजला. ते लसूण सोलत बसले होते. वाजणाऱ्या फोनकडं त्यांनी बघितलं आणि तो माझ्याकडं सरकवला. मी परक्याचा फोन कधी घेतला नव्हता. घेतला.

"मिस्त्री हायत का? एसी बसवायचाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते लसूण सोलत होते.

"मालक आता कामाला जात न्हाईत," मी म्हणाले. ते तिथंच बसलेले असताना म्हणाले.

"काहून?"

मी सांडलेली लसणाची सालं गोळा करायला लागले. मग तो माणूस म्हणाला, "बरं, मंग दुसरं कोण हाय फाट्यावर?"

मी फोन हातानं झाकून त्यांना विचारलं. त्यांनी फाट्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर सांगितला. एकाही आकड्याला अडखळले नाहीत. ते एकेक आकडा सांगत गेले आणि मी तो फोनमध्ये म्हणत गेले.