आधी ओरडायचं

त्याचं नाव मी विचारलंच नाही. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत तो माझ्यामागे उभा होता. रसायनीतल्या कुठल्याशा कंपनीचा निळा युनिफॉर्म, खांद्यावर लेकीचं गुलाबी दप्तर आणि शेजारी ती.

माझी दहावीतली मुलगी तीन आठवडे शाळेत गेली नव्हती, धड जेवत नव्हती. तरी खिडकीशी मी पुटपुटले, "डोकं दुखतं तिचं." रांगेत आमच्या गावची माणसं होती ना!

तो मात्र खणखणीत बोलला, "पोरीला सारखी भीती वाटते, रडते. मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं हाय."

आपापल्या लेकींना घेऊन आम्ही बाकावर बसलो, तेव्हा मी विचारलं, "दादा, चारचौघांत सांगायला काही वाटलं नाही?"

दप्तराचा पिळलेला पट्टा सरळ करत तो म्हणाला, "ताई, कंपनीत गॅसचा वास आला का आमी आधी ओरडतो, गळती मंग शोधतो. घरात दोन म्हैने वास येत व्हता, नि मी गप बसलो."

मी उठून पुन्हा खिडकीशी गेले आणि मोठ्यानं खरं सांगितलं. वळले, तर माझी लेक माझ्याकडेच बघत होती.

"आई, भूक लागलीय," ती म्हणाली.

बाहेरून मी चार वडापाव आणले.